इंग्रजीच्या तासापुरती मैत्रीण

परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "आजी, आम्ही तुझ्यासाठी एक कम्पॅनियन बघतोय," आणि तेवढ्यात फोन बंद झाला. लाइन तुटली नव्हती. मीच ठेवला. तुम्हाला वाईट वाटलं असणार. तुम्ही काळजीपोटी म्हणालात हे मला कळतं. पण तो एक शब्द ऐकला की माझ्या अंगाची आग होते, आणि इतकी वर्षं उलटली तरी ती कमी झालेली नाही. का होते ते एकदा पहिल्यापासून नीट लिहून काढते. फोनवर असलं काही सांगता येत नाही. तिकडे कुणाला तरी गाडी गाठायची असते, नाहीतर कुणाचा तरी मेट दारात उभा असतो.

मेट! म्हणजे दोस्त. धाकट्याचं तर सगळं जगच मेट. बसचा ड्रायव्हर मेट, पाववाला मेट, ऑफिसातला साहेबही मेट. थोरलीचे सगळे बडी. मी शाळेत असताना हा मेट तोंडातून काढला असता तर आमच्या मिसने पुस्तक मिटून ठेवलं असतं आणि त्या दिवशी पुन्हा उघडलं नसतं.

ही मिस कोण, ते आधी सांगते.

मी कोल्हापूरची, शुक्रवार पेठेतली. वडील एका सरदारांच्या खासगीत कारकून होते. खासगी म्हणजे सरदारांच्या घरचा सगळा कारभार: शेतीचं उत्पन्न, नोकरचाकर, लग्नकार्यं, पाहुणेरावळे. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. गावात चहाच्या दुकानातसुद्धा लोक त्यावर बोलत, पण नागाळा पार्कातल्या त्या बंगल्यात ही बातमी अजून कुणी मनावर घेतली नव्हती. फाटकावरचा शिपाई फेटा बांधूनच उभा राहायचा आणि वडील आईसाहेबांसमोर चपला काढूनच जायचे.

आईसाहेब म्हणजे सरदारांच्या पत्नी. त्यांची एकुलती एक मुलगी, तिला सगळे ताईसाहेब म्हणत. मीही म्हणत असे, म्हणून इथेही तेच लिहिते. त्या माझ्याहून थोड्या मोठ्या. घरीच शिकलेल्या, मराठी वाचायच्या, बॅडमिंटन झकास खेळायच्या आणि हरायला लागल्या की खुशाल खोटं मोजायच्या. त्यांना माळव्यातल्या एका मोठ्या घराण्यातून मागणी आली. मुलगा डोंगरावरच्या साहेबी शाळेत शिकलेला. त्या मंडळींचं म्हणणं एवढंच, की सून इंग्रजीत बोलणारी असावी. म्हणून मिस आली. ख्रिस्ती, अविवाहित, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसणारी. आल्यावर महिनाभरातच तिने आईसाहेबांना सांगितलं, की भाषा एकटीने शिकता येत नाही. बोलायला बरोबरीची कुणीतरी हवी. "शी मस्ट हॅव अ कम्पॅनियन."

मग आईसाहेबांनी वडिलांना बोलावलं. "तुमची मुलगी इंग्रजीत पहिली येते म्हणं. शाळा सुटली की पाठवत जावा की इकडं."

वडील घरी आले ते हसतच. मला वाटतं, त्यांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "ताईसाहेबांची मैत्रीण म्हणून जायचंय हिला," ते म्हणाले.

आई भाकरी थापत होती. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं आणि जीभ धारेची. ती मान वर न करता म्हणाली, "बरं झालं. मग मैत्रीण आपल्या घरी कधी येणार?"

"असं काय विचारतेस?"

"का? मैत्रिणी येत-जात न्हाईत व्हय एकमेकींकडं?"

वडील हातपाय धुवायला उठले. आणि ताईसाहेब आमच्या घरी कधीच आल्या नाहीत, हे इथेच लिहून टाकते, म्हणजे तुम्ही वाट बघणार नाही.

मिसचा नियम असा होता. मी बंगल्यात पाऊल टाकल्यापासून ती छत्री उचलून निघेपर्यंत मराठीचा एक शब्द बोलायचा नाही. आणि इंग्रजीत ताईसाहेब नाही. "इन इंग्लिश यू आर टू गर्ल्स," ती म्हणायची. एकमेकींना नावाने हाक मारायची, शेजारी शेजारी खुर्चीवर बसायचं, किटलीतून एकमेकींना चहा ओतून द्यायचा, "विल यू हॅव सम मोअर, डिअर?" असं विचारायचं. ताईसाहेबांना ही गंमत फार आवडली. मला तर विचारूच नका. शुक्रवार पेठेतली कारकुनाची मुलगी मी. वेताच्या खुर्चीत बसून सरदारांच्या मुलीला नुसत्या नावाने हाक मारत होते आणि ती ओ देत होती.

पहिल्या दिवशी मिस फाटकाबाहेर पडली आणि बंगल्यातली बाई माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "उठ गं. खुर्ची उचलायची हाय."

मी उठले. तिने माझी खुर्ची उचलून आत नेली. ताईसाहेबांची उचलायची नव्हती. मी ताईसाहेबांकडे पाहिलं. त्या बिस्किटाचा तुकडा मोडत होत्या. त्यांना त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. मला म्हणाल्या, "उद्या येताना शाळेतनं ये तशीच, वेणी विस्कटू नको." मराठी सुरू झालं होतं. आता त्या ताईसाहेब होत्या, मी 'ए पोरी' होते, आणि मला आपण-आपण करत उभ्याने बोलायचं होतं.

पुढे हे रोजचंच झालं. मिसचे बूट व्हरांड्याच्या पायऱ्या उतरायला लागले की मी आपली आपणच उठत असे. कुणी खुर्ची मागायला येण्यापेक्षा ते बरं.

मिस शब्दांच्या बाबतीत काटेकोर होती. मित्र-मैत्रीण या एका गोष्टीला इंग्रजीत किती शब्द, आणि प्रत्येकाची जागा वेगळी! फ्रेंड कुणालाही, कुठेही चालतो. चम हा शाळेतल्या, एका बाकावरच्या मैत्रिणीचा. त्यात खोड्या आहेत, गुपितं आहेत. पॅल हा जरा गल्लीतला, चांगल्या घरच्या मुलींनी वापरू नये. मेट तर खलाशांचा आणि हमालांचा, त्याचं नाव काढायचं नाही. फेलो पुरुषांसाठी. आणि कम्पॅनियन? ताईसाहेबांनीच विचारलं होतं. मिस थोडी थांबली. म्हणाली, कम्पॅनियन म्हणजे सोबत करणारी. मग लगेच तिने पुढचं पान उलटलं.

ताईसाहेबांनी त्यातला चम उचलला. त्यांना त्याचा आवाजच आवडला. "माय डिअर ओल्ड चम!" असं म्हणत त्या रॅकेट घेऊन माझ्यामागे धावायच्या. पाहुणे आले की मला मुद्दाम बोलावणं यायचं. "मीट माय चम!" पाहुणे कौतुकाने हसत. मग पाहुण्यांना आत पानं वाढली जात आणि मी मागच्या सोप्यात शिपाई-ड्रायव्हरांच्या पंगतीला. मिसचंही तसंच. तिची कपबशी वेगळी होती, खिडकीच्या कठड्यावर पालथी घातलेली. आम्हाला मैत्रीचे इतके शब्द शिकवणारी बाई त्या घरात आपला कप आपण विसळत होती. हे मला तेव्हाही दिसत होतं.

तुम्ही म्हणाल, आजी, तो काळच तसा होता. हे वाक्य मला ऐकवू नका. काळ काही खुर्ची उचलायला येत नाही. माणूस येतो.

एकदा आम्ही पन्हाळ्याला गेलो. मोटारीत मागे ताईसाहेब, मी आणि मिस, पुढे ड्रायव्हर. जेवणाच्या डब्यांची मोटार वेगळी. सज्जा कोठीच्या कट्ट्यावर आम्ही दोघी बसलो होतो. खाली दरी धुक्याने भरलेली. ताईसाहेबांनी माझा हात धरला आणि अगदी हळू आवाजात, इंग्रजीत म्हणाल्या, की तिकडे मला कुणी ओळखत नाही. नवऱ्याशी इंग्रजीत बोलायचं म्हणतात, पण मला भीती वाटेल तेव्हा मी कुठल्या भाषेत बोलू? "यू आर माय ओन्ली फ्रेंड." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं. मी आजही म्हणते की ते खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. ढोंग असतं तर मी कधीच विसरून गेले असते. त्या बाईला माझा हात हवा होता. आणि थोड्या वेळाने जेवणं मांडली तेव्हा माझं पान मोटारीच्या पलीकडे, ड्रायव्हरच्या शेजारी वाढलेलं त्यांना दिसलं नाही.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मी अकरावीत गेले, तेव्हाच्या शाळेच्या शेवटच्या इयत्तेत. मॅट्रिकची परीक्षा मार्चात होती. आमच्या घरात तोवर कुणी मुलगी मॅट्रिक झाली नव्हती. आत्याचं सातवीतून लग्न झालं, आईचं चौथीतून. मी मॅट्रिक होऊन राजाराम कॉलेजात जायचं, हे वडिलांनी आणि मी ठरवलं होतं. आई 'बघू' म्हणायची, पण दुपारी माझ्या अभ्यासाच्या वेळी पाणी भरायला स्वतः जायची. कॉलेजात जाणं, एवढं एकच मला हवं होतं. बाकी खुर्ची, कप, पंगत, हे सगळं मी त्याच्या जोरावर सोसत होते. माझं इंग्रजी त्या बंगल्यात सुधारत होतं, आणि ते मला कॉलेजात न्यायचं होतं.

ताईसाहेबांचं लग्न माघातलं ठरलं. त्याआधी सासरच्या बायका पाहायला आल्या: मुलाच्या एक आत्या आणि दोन काकी. चहाला मिस होती, त्यामुळे मी खुर्चीवर होते. आत्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "या कोण?"

ताईसाहेब म्हणाल्या, "माय चम."

आईसाहेब हसून म्हणाल्या, "आमच्या ताईसाहेबांची कम्पॅनियन. फार हुशार आहे. ही बरोबरच येणार तिकडं. म्हणजे तुमच्याकडं ताईसाहेबांना एकटं वाटायचं नाही."

आत्या म्हणाल्या, "छान! साहेब लोकांत असंच असतं."

असं काही असल्याचं मी त्या क्षणी प्रथम ऐकत होते. मी ताईसाहेबांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघून आनंदाने हसत होत्या, मोठा खाऊ लपवून ठेवावा आणि आता पुढे करावा तशा.

घरी आले तर वडिलांना माहीत होतं. सकाळीच त्यांना सांगण्यात आलं होतं आणि ते 'बरं' म्हणून आले होते. सरदारांच्या खासगीत 'बरं' याशिवाय दुसरा शब्दच नव्हता.

आईने विचारलं, "बरोबर जायचं म्हंजे? पाठराखीण म्हणून? चार दिवस जाऊन येती की, त्यात काय."

पाठराखीण तुम्हाला माहीत नसेल. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरची एखादी बाई जाते. नवरी जरा रुळली की पाठराखणीला साडी-चोळी देऊन मानाने परत पाठवतात. आमच्याकडे हे घरोघर होतं.

वडील खाली बघून म्हणाले, "चार दिवस नव्हे. राहायचंच आहे. कम्पॅनियन म्हणून."

"राहायचं? किती दिस?"

"तसं काही बोलणं झालं नाही."

आई उठून उभी राहिली. "परीक्षा?"

"बघू, पुढच्या वर्षी..."

"तिकडं माळव्यात? अहो, मोठ्या घरच्या पोरीबरोबर पूर्वी काय काय द्यायचे, ठाऊक हाय न्हवं? हत्ती, घोडं, भांडी आणि पोरी. माझी पोरगी काय आंदण हाय व्हय?"

"तसं नाही गं. ही मानाची जागा आहे. इंग्रज लोकांत मोठमोठ्या बायका..."

"मान हाय तर त्यांच्या भाचीला न्या की! आपल्या रक्ताची दीतील का कोण? इंग्रजी नाव दिलं म्हणून आंदणाचं काय सोनं झालं?"

वडील भिंतीकडे तोंड करून बसले. ते वाईट नव्हते. त्यांचे वडीलही त्याच खासगीत होते. सरदारांच्या घरून आलेली गोष्ट नाकारता येते, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मी ठरवलं, की ताईसाहेबांनाच सांगायचं. मैत्रीण आहे ना? मग मैत्रिणीसारखं सांगायचं. दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला, मिससमोरच, मी त्यांना नावाने हाक मारली आणि म्हटलं, मार्चात माझी परीक्षा आहे. मला ती द्यायची आहे. तू तुझ्या आईला सांग. परीक्षा झाल्यावर मी तुला भेटायला येईन, महिनाभर राहीन.

त्यांना आधी कळलंच नाही. "बट यू आर माय चम," त्या म्हणाल्या. "चम्स डोन्ट लीव्ह ईच अदर."

"मी तुला सोडत नाहीये. तू लग्न करून जाते आहेस."

"मग तू नको यायला?"

"मला कॉलेजात जायचंय."

मिस खिडकीबाहेर पाहत होती. मग ताईसाहेबांचा चेहरा बदलला, आणि त्या तासाच्या मधेच मराठीत आल्या. "तुला येवढं आम्ही शिकवलं. मिससमोर बसवलं. आणि आता मिजास करतीस? आईसाहेबांनी सांगितलंय, तू यायचंस."

मिसने नियम मोडल्याबद्दल त्यांना टोकलं नाही. मी मात्र त्या दिवशी मिस जायच्या आधीच खुर्चीवरून उठले.

फाटकापाशी मिसने मला गाठलं. ती रस्त्यात कधी बोलत नसे. छत्री उघडता उघडता म्हणाली, "परत यायचं तिकीट कोण काढणार, ते त्यांना विचार. आय डिडंट आस्क." आणि चालू लागली. ती कुठून आली होती, कुणाबरोबर आली होती, परत का गेली नाही, हे आम्ही तिला इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं.

इथे जरा थांबून तुमच्या कम्पॅनियनचं सांगते, नाहीतर राहून जाईल. माझ्याकडे सकाळ-संध्याकाळ बाई येते, ती स्वयंपाक करते. ती मला आजी म्हणते, मी तिला तिच्या नावाने हाक मारते. आम्ही एकाच टेबलावर चहा पितो. संध्याकाळी ती तिच्या घरी जाते, कारण तिला घर आहे. तुम्हाला कुणी ठेवायचीच असेल तर कामाला बाई ठेवा, तिला रजा द्या, आणि तिला कामाची बाईच म्हणा. अशी माणसं पुरवणाऱ्या कंपनीने तिच्या छातीवर 'बडी'चा बिल्ला लावून पाठवली तर मी तो दारातच काढायला लावीन.

आता पुढचं.

दोन दिवसांनी वडील आईसाहेबांकडे लग्नाच्या आमंत्रणांचं काही विचारायला निघाले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी नको म्हटलं नाही, चल असंही म्हटलं नाही. आईसाहेब मागच्या व्हरांड्यात लुगडी निवडत बसल्या होत्या. भोवती सगळीकडे जरीचे काठ पसरलेले. मला पाहून त्या प्रसन्न झाल्या. "ये. तुला पण दोन चांगली लुगडी घ्यायला सांगितल्यात. तिथं अशी परकर-पोलक्यात नको दिसायला."

मी म्हटलं, "आईसाहेब, एक विचारायचं होतं. मी परत कधी यायचं?"

"कुठनं?"

"माळव्याहून."

आईसाहेबांनी हातातलं लुगडं खाली ठेवलं. "परत? परत कशाला?"

त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, लबाडी नव्हती. त्या मला समजावून सांगायला लागल्या, आणि ते समजावणं आजही माझ्या कानात जसंच्या तसं आहे. "अगं, तिथं तुला काय कमी पडणार हाय? ताईसाहेबांजवळ राहशील. चांगलं खाशील, ल्यायला मिळंल. तिथल्या खासगीत पण कारकून आहेतच की. एखादा बरासा बघून तुझं लग्न आम्हीच लावून देऊ. तुझ्या वडलांना तेवढाच घोर कमी. पुढं ताईसाहेबांच्या मुलांना तुझीच मुलं सोबत होतील."

ऐकलंत? माझी मुलंसुद्धा वाटून झाली होती. म्हणजे तुमची आई. ती कुणाच्या तरी मुलांमागे रॅकेट घेऊन धावली असती आणि चहा झाला की उठून उभी राहिली असती. आणि हे सगळं त्या बाईंनी मायेने ठरवलं होतं! शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. मायेला काय उत्तर द्यायचं?

मी म्हटलं, "मार्चात माझी परीक्षा आहे."

"कसली परीक्षा?"

"मॅट्रिकची. इंग्रजी, गणित, संस्कृत..."

"तुला इंग्रजी येतंय की! आणखी परीक्षा कशाला?"

लुगडी उलगडून दाखवणारी बाई फस्सकन हसली. आईसाहेबही हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मी येणार नाही."

आईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी वडिलांकडे पाहिलं. माझ्याशी बोलणं संपलं होतं; आता ज्याची वस्तू होती त्याच्याशी बोलायचं होतं. "काय म्हणतीय ही?"

वडील खांबापाशी उभे होते, हात पुढे बांधून, नेहमीसारखे. मला वाटलं, आता ते 'बरं' म्हणणार. मी त्यांच्या पायांकडे पाहत होते. त्यांच्या पायाचा अंगठा फरशीवर हलत होता.

"मुलगी नाही म्हणते, आईसाहेब," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी पण नाही म्हणतो."

"ताईसाहेबांना शब्द दिलाय आम्ही."

"तो आपण दिलात, आईसाहेब. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

एवढंच ते बोलले. आवाज चढवला नाही. पण त्या व्हरांड्यात असं वाक्य त्यांच्या किंवा त्यांच्या वडिलांच्या तोंडून कधी निघालं नसेल. आईसाहेबांनी पुन्हा लुगडं हातात घेतलं, काठ उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "जावा तुम्ही आता."

आम्ही चालत घरी आलो. आईने दार उघडलं, दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?" वडील म्हणाले, "नाही म्हणून आलो." आई म्हणाली, "बरं केलं. हातपाय धुवा, भाकरी गरम हाय." त्यावर ती पुन्हा कधी एक शब्द बोलली नाही, आणि माझ्या आईला एखाद्या गोष्टीवर बोलू नये असं वाटणं किती अवघड होतं, ते तुमच्या आईला विचारा.

लग्न थाटात झालं. आम्हाला आमंत्रण नव्हतं. वरातीचा बँड शुक्रवार पेठेपर्यंत ऐकू येत होता आणि मी भूमितीचे सिद्धांत मोठ्याने पाठ करत होते, इतक्या मोठ्याने की शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, पोरीला ताप आलाय का. ताईसाहेबांबरोबर शेवटी त्यांच्याच नात्यातली एक तरुण विधवा गेली, त्या घरात कोपऱ्यात पडून असलेली. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. तेव्हा इंग्रजी, हुशारी, चम, ही तर नुसती बतावणी निघाली. हात धरायला कुणीतरी हवं होतं, आणि ज्याला घर-परीक्षा-बाप काही नाही असं कुणी मिळालं की भागत होतं. तिला कुणी चम म्हटलं का, मला ठाऊक नाही. तिला जायचं आहे का, हे नक्कीच कुणी विचारलं नसणार. ती परत आल्याचं मी कधी ऐकलं नाही.

वडिलांना खासगीतून कुणी काढलं नाही. सरदारांच्या घरात काढत नसत. त्यांची बैठक फक्त दुसऱ्या कुणाला दिली, आणि वडील रोज जाऊन फाटकाजवळच्या देवडीवर बसायचे, काम न सांगता ठेवलेले. पंधरवडाभर ते बसले. मग एक दिवस गेले नाहीत. पुढे उन्हाळ्यात त्यांना उद्यमनगरात, इंजिनाचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात हिशेबनिसाचं काम मिळालं आणि तिथे ते शेवटपर्यंत टिकले. पण परीक्षा मार्चात होती. त्या मार्चात ते घरीच होते.

पहिल्या पेपरला ते माझ्याबरोबर केंद्रापर्यंत आले. एरवी त्या वेळी ते फेटा बांधून नागाळा पार्काच्या वाटेला लागलेले असत. फाटकाबाहेर मुलींचे भाऊ, वडील सायकली धरून उभे होते, बहुतेक जण ऑफिसची वेळ बघत होते. मी म्हटलं, "तुम्ही जा आता. उन्हात उभे राहू नका. तीन तास आहेत."

वडिलांनी समोरच्या झाडाखाली एक दगड बघितला, रुमालाने झटकला आणि बसले.

"सावकाश लिही," ते म्हणाले. "मला कुठं जायचं नाहीय."

मी आत गेले. पुढे कॉलेजात आणि शिक्षिका होताना बी. टी.ला मी पुष्कळ पेपर लिहिले. इतक्या रागाने एकही लिहिला नाही.